चिठ्ठ्या उतरवण्याचे काम संशोधन असते का?

पत्र: मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे आणि पुढे संशोधनाकडे वळावे, अशी माझी इच्छा आहे. संशोधन सहायक किंवा इंटर्न म्हणून काम मिळावे यासाठी गेल्या चार महिन्यांत मी ६२ प्राध्यापकांना ईमेल पाठवले. दोघांनी सध्या जागा नसल्याचे कळवले, बाकीच्यांचे उत्तरच आले नाही. माझे गुण मध्यम आहेत. आता माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक संस्था नोंदणी शुल्क घेऊन सहा आठवड्यांची ऑनलाइन ‘संशोधन इंटर्नशिप’ देते आणि शेवटी प्रमाणपत्र देण्याची व शोधनिबंध प्रसिद्ध करून देण्याची हमी देते. दुसरीकडे आमच्याच विभागातील एका प्राध्यापिकांनी हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील) जुन्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून संगणकावर उतरवण्याचे काम देऊ केले आहे. आठवड्याला आठ तास, तीन महिने, मानधन नाही. मैत्रिणी म्हणतात की ही निव्वळ कारकुनी आहे आणि बायोडेटात तिचा काही उपयोग होणार नाही. मी काय करावे?

उत्तर: चिठ्ठ्यांचे काम स्वीकारा आणि शुल्क मागणाऱ्या संस्थेला नकार कळवा. उत्तर एवढ्यात संपले असते, परंतु त्यामागची कारणे तुम्हाला पुढे प्रत्येक अर्जाच्या वेळी लागतील, म्हणून ती सविस्तर लिहितो.

आधी ‘कारकुनी’ हा शब्द घेऊ. हर्बेरियममधील चिठ्ठीवर साधारणपणे वनस्पतीचे नाव, ती कोणी, कोठे आणि कोणत्या तारखेला गोळा केली, एवढा मजकूर असतो. ती त्या दिवशी फुलावर होती की फळावर, हे शेजारच्या वाळलेल्या नमुन्याकडे पाहून कळते. एकटी चिठ्ठी क्षुल्लक दिसते, पण अशा शेकडो चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडल्या की एखादी वनस्पती शंभर वर्षांपूर्वी केव्हा फुलत असे आणि आता केव्हा फुलते, हे समजू लागते. बोस्टन येथील आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातील जिवंत झाडे आणि त्याच झाडांचे जुने वाळवलेले नमुने यांची तुलना रिचर्ड प्रायमॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तेव्हा १९०० ते १९२० या काळापेक्षा १९८० ते २००२ या काळात झाडे सरासरी आठ दिवस आधी फुलल्याचे त्यांना आढळले, आणि हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नमुने गोळा करणाऱ्यांच्या मनात हवामानबदलाचा विषय असणे शक्यच नव्हते. त्यांनी तारीख नीट लिहिली आणि शतकभराने कोणीतरी ती नीट वाचली, एवढेच घडले. आज जगभरातील अशा नोंदी जीबीआयएफ या, २००१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता माहितीजाळ्यात जमा होतात आणि कोणीही अभ्यासक त्या विनामूल्य वापरू शकतो.

चिठ्ठी ‘नीट वाचणे’ हे वाटते तितके सोपे नसते, हे पहिल्या आठवड्यातच तुमच्या लक्षात येईल. ‘७/५’ असे लिहिलेले असेल तर तो ७ मे की ५ जुलै? चुकीचा अर्थ लावला तर फुलण्याचा काळ दोन महिन्यांनी सरकतो. गावाचे नाव बदललेले असते, संग्राहकाचे अक्षर दुर्बोध असते, वनस्पतीचे शास्त्रीय नाव मधल्या काळात दोनदा बदललेले असते. अशा वेळी त्याच संग्राहकाच्या इतर चिठ्ठ्या काढून तो तारीख कोणत्या पद्धतीने लिहीत असे हे पाहावे लागते, आणि तरीही शंका उरली तर ती न लपवता वेगळ्या रकान्यात नोंदवावी लागते. पुरावा तपासणे आणि आपल्या खात्रीची मर्यादा प्रामाणिकपणे लिहून ठेवणे ही संशोधनाची मूळ कौशल्ये आहेत, आणि ती वर्गात शिकवणे अवघड असते.

या संदर्भात आनुवंशशास्त्राच्या इतिहासातील एक प्रसंग मला नेहमी आठवतो. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन फळमाश्यांवर प्रयोग करत होते आणि त्या माश्या दुधाच्या बाटल्यांमध्ये वाढवल्या जात. कॅल्व्हिन ब्रिजेस हा पदवीचा विद्यार्थी त्या बाटल्या धुण्यासाठी ठेवलेला होता. धुवायला आलेल्या एका बाटलीच्या जाड काचेतून त्याला एका माशीच्या डोळ्यांचा रंग निराळा, शेंदरी दिसला. इतरांच्या नजरेतून निसटलेला बदल टिपणाऱ्या या मुलाला मॉर्गन यांनी आपला सहायक करून घेतले. पुढे १९१६ साली ‘जेनेटिक्स’ हे संशोधन नियतकालिक सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या खंडाचे पहिले पान ब्रिजेसच्या शोधनिबंधाने उघडले. आनुवंशिक घटक गुणसूत्रांवर असतात, याचा पुरावा त्यात होता. त्याच प्रयोगशाळेतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हाही पदवीचा विद्यार्थी होता. १९११ साली एका रात्री कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून त्याने जनुकांचा पहिला नकाशा तयार केला. गृहपाठ टाळण्याचा सल्ला यातून घेऊ नका. पण बाटल्या धुणाऱ्याला माश्यांविषयी काय शोधले जात आहे हे ठाऊक होते, म्हणूनच त्याला तो डोळा वेगळा वाटला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

माझी कसोटीही तीच आहे. ज्या कामामागे एखादा प्रश्न आहे आणि तो प्रश्न तुम्हाला समजावून सांगायला कोणी तयार आहे, ते काम वरून कितीही कंटाळवाणे दिसले तरी संशोधनाचा भाग असते. प्रश्न नसेल, किंवा असूनही तो तुम्हाला सांगितला जात नसेल, तर पद ‘संशोधन सहायक’ असले तरी काम कारकुनीच राहते. प्राध्यापकांच्या सूचना टंकलिखित करणे, त्यांच्या प्रवासाची तिकिटे काढणे, त्यांच्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांची बेरीज करणे अशा कामांत विद्यार्थ्यांचे अख्खे सत्र गेलेले मी पाहिले आहे. तेव्हा मैत्रिणींची शंका अगदीच निराधार नाही. ती या कामाला लागू पडत नाही, एवढेच.

त्याच कसोटीवर शुल्क मागणारी ‘इंटर्नशिप’ टिकत नाही. संशोधकाला मदतनीसाची गरज असते तेव्हा तो मोबदला देतो, आणि तेही शक्य नसेल तर निदान शिकवण्यासाठी स्वतःचा वेळ देतो. पैसे तुमच्याकडून त्यांच्याकडे जात असतील, तर तुम्ही सहायक नसून ग्राहक आहात. एखादे तंत्र शिकण्यासाठी शुल्क भरून अभ्यासक्रम करण्यात काही गैर नाही. त्याला अभ्यासक्रम म्हणावे, इंटर्नशिप म्हणू नये. अधिक गंभीर आहे ती शोधनिबंधाची हमी. प्रामाणिक नियतकालिकात निबंध त्या विषयातील तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातो आणि तो नाकारला जाण्याची शक्यता नेहमीच असते, त्यामुळे प्रसिद्धीची हमी आधीच देणे कोणालाही शक्य नसते. काही चांगली मुक्त, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणारी, नियतकालिकेही लेखकांकडून शुल्क घेतात, परंतु ते परीक्षणानंतर निबंध स्वीकारला गेला तरच. सहा आठवड्यांत कोणत्याही विद्यार्थ्याचा कोणताही निबंध छापून देणारी जागा म्हणजे परीक्षण नसलेली जागा, आणि तेथे छापलेले तुमचे नाव पुढे पुसता येत नाही. निवड समितीतील अनुभवी माणसे अशी नावे ओळखतात.

मानधन नसणे ही गोष्ट मात्र मी हलकी मानत नाही. विनावेतन काम ज्याला परवडते त्यालाच अनुभव मिळतो आणि ज्याला परवडत नाही तो मागे राहतो, हा या व्यवस्थेतील जुना दोष आहे. काही संस्थांनी तो बऱ्याच अंशी सोडवला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा उपक्रम सुरू केला, त्यात विद्यार्थ्याला मानधन किंवा श्रेयांक मिळू शकतात. तुमच्या विभागात मानधनाची तरतूद नसेल तर हे काम प्रकल्पाचे श्रेयांक म्हणून धरता येईल का, हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. शिकण्याच्या टप्प्यावर आठवड्याला आठ तास आणि तीन महिने ही मर्यादा मला रास्त वाटते, पण ती मर्यादाच राहिली पाहिजे. त्यानंतरही काम चालू ठेवायचे असेल तर मानधनाचा विषय तुम्ही स्वतः काढा. आणि या आठ तासांमुळे तुमच्या शिक्षणाचा खर्च भागवणारे दुसरे काम सुटणार असेल, तर प्राध्यापिकांना तसे स्पष्ट सांगून कमी तास मागा.

आता त्या ६२ ईमेलविषयी. तुम्ही मजकूर पाठवलेला नाही, तरी तो मी ओळखू शकतो, कारण अध्यापनाच्या वर्षांत तसे शेकडो मजकूर माझ्याकडे आले. ‘आदरणीय महोदय, मी आपले संशोधन वाचून अत्यंत प्रभावित झाले आहे’ अशी त्यांची सुरुवात असते, कोणते संशोधन याचा उल्लेख नसतो, आणि शेवटी ‘कोणतीही संधी द्यावी’ अशी विनंती असते. एकदा अशाच पत्रात माझ्या नावाच्या जागी दुसऱ्याच गृहस्थांचे नाव राहून गेले होते. अशा पत्रांना उत्तर न मिळण्याचे कारण उद्दामपणा क्वचितच असते. नवख्या विद्यार्थ्याला उपकरण, पद्धत आणि नोंदींची शिस्त शिकवायला कोणाचे तरी कित्येक तास जातात. आठ आठवड्यांच्या मुक्कामात पहिले दोन-तीन आठवडे शिकण्यातच संपतात, आणि विद्यार्थी उपयोगी पडू लागतो तोच त्याच्या निघण्याची वेळ येते. म्हणून ईमेल वाचताना प्राध्यापकाच्या मनात एकच हिशेब असतो: या व्यक्तीवर खर्च केलेला वेळ भरून निघेल का? ‘कोणतीही संधी’ या शब्दांत त्याचे उत्तर नसते.

नेमक्या मागणीला कसे उत्तर मिळते, याचे एक उदाहरण अर्थशास्त्रातील आहे. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा निबंध २०१० साली आला आणि जगभरच्या अर्थमंत्र्यांनी त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातील अभ्यासाचा भाग म्हणून तेच आकडे पुन्हा काढायचे होते आणि ते जुळेनात. त्याने लेखकांकडे त्यांची मूळ एक्सेल फाइल मागितली आणि ती त्याला मिळाली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरायच्या राहून गेल्या होत्या, शिवाय काही वर्षांची माहिती वगळली होती. २०१३ साली त्याने आपल्या प्राध्यापकांसह दुरुस्त हिशेब मांडला, तेव्हा जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाली. हा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गातला होता, हे खरे; पण निबंध मुळातून वाचून एक नेमकी गोष्ट मागणे पदवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ६२ ऐवजी सहा जणांना लिहा, आणि प्रत्येकाचा निदान एक अलीकडचा निबंध वाचून लिहा. संपूर्ण समजला नाही तरी चालेल; पद्धतीचा भाग आणि शेवटची चर्चा लक्षपूर्वक वाचली तर एखादा खरा प्रश्न सुचतोच. ईमेल दीडशे-दोनशे शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. त्यात तुम्ही कोण, त्यांचे काय वाचले, त्यातून कोणता प्रश्न पडला, तुम्हाला आज काय करता येते, आठवड्याला किती तास आणि किती महिने देऊ शकता, एवढे असावे. तासांचे आणि महिन्यांचे वाक्य विद्यार्थी हमखास विसरतात, आणि प्राध्यापकाच्या हिशेबात तेच सर्वांत महत्त्वाचे असते. दहा-बारा दिवसांनी एकदा नम्र स्मरण द्यावे, त्यानंतर विषय सोडून द्यावा. प्राध्यापकांइतकेच त्यांच्याकडील पीएचडीचे विद्यार्थीही लक्षात ठेवा: मदतीच्या हातांची खरी गरज त्यांना असते, आणि त्यांनी शब्द टाकला तर दार लवकर उघडते. विभागातील व्याख्यानांना जाऊन शेवटी एखादा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

सुट्टीतील नियोजित संशोधन कार्यक्रम हा निराळा मार्ग आहे. तेथे मानधन असते, काम ठरलेले असते आणि स्पर्धाही तेवढीच असते. अर्ज करण्याआधी पात्रतेची अट वाचा, कारण अनेकांचा वेळ तेथेच वाया जातो. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा १९८७ पासून चालत आलेला पदवी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच अर्थसाहाय्य देतो. भारतातील तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती दोन महिन्यांची असते. जपानमधील ओकिनावा विज्ञान व तंत्रज्ञान संस्था कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला संशोधन इंटर्न म्हणून अर्ज करू देते. तुमच्या भौतिकशास्त्रातील किंवा संगणकशास्त्रातील मित्रांसाठी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेचा उन्हाळी कार्यक्रम आहे. या सर्वांच्या मुदती काम सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी संपतात, आणि अर्जासोबत बहुतेक ठिकाणी तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. साठ जणांच्या वर्गातील मध्यम गुणांच्या विद्यार्थिनीविषयी शिक्षकाला फारसे लिहिता येत नाही. ‘हिने तीन महिन्यांत हजार चिठ्ठ्या उतरवल्या, शंकास्पद तारखा वेगळ्या काढल्या आणि त्यातल्या एका संग्राहकाची तारीख लिहिण्याची पद्धत शोधून काढली’ हे वाक्य मात्र लिहिता येते, आणि गुणपत्रिकेतील बरीच उणीव ते भरून काढते. तुमच्या गुणांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे.

दरम्यान हात बसवण्यासाठी घरबसल्या एक सोय आहे. झूनिव्हर्स या नागरिक-विज्ञान उपक्रमातील ‘नोट्स फ्रॉम नेचर’ या प्रकल्पात २०१३ पासून स्वयंसेवक संग्रहालयातील नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचून उतरवत आले आहेत. स्मिथसोनियन संस्थेचेही तशाच स्वरूपाचे केंद्र आहे. तेथे दोन-तीन संध्याकाळी घालवल्या तर हे काम तुम्हाला रुचते की नाही, हे होकार देण्यापूर्वीच कळेल. न रुचल्यास तसे प्राध्यापिकांना सांगून टाकणे अर्धवट सोडून जाण्यापेक्षा चांगले.

काम सुरू केलेत तर काही पथ्ये पहिल्या दिवसापासून पाळा. रोज काय केले ते तारखेसह वहीत लिहा. मूळ फाइलवर कधीही दुरुस्ती करू नका, प्रत काढून तीवर करा. चिठ्ठीवर जे लिहिले आहे ते एका रकान्यात आणि तुम्ही लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात ठेवा. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. आणि सुरक्षेकडे दुर्लक्ष करू नका: जुने नमुने कीड लागू नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडसारख्या पाऱ्याच्या विषारी संयुगाने प्रक्रिया केलेले असत, त्यामुळे हातमोजे, खेळती हवा आणि काम झाल्यावर हात धुणे यांत तडजोड नको. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक हवेत येताच पेट घेणारे रसायन हाताळताना भाजली आणि अठरा दिवसांनी मरण पावली. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. नवख्या माणसाला ‘हे कसे हाताळायचे?’ असे विचारायला संकोच वाटतो. तो संकोच बाजूला ठेवा.

निबंधावर नाव येईल का, हा प्रश्नही तुमच्या मनात असणार. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष इतर शाखांतही मार्गदर्शक मानले जातात. त्यांनुसार लेखक म्हणवून घेण्यासाठी कामात भरीव वाटा, मजकुराच्या लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि निबंधाची जबाबदारी, असे चारही लागतात. केवळ चिठ्ठ्या उतरवल्याने लेखकपद मिळत नाही, ऋणनिर्देश मिळायला हवा. त्या नोंदींमधून तुम्ही स्वतः एखादा प्रश्न काढून विश्लेषण केले, तर गोष्ट वेगळी. हे आधीच बोलून घेतले की नंतर कटुता येत नाही.

या आठवड्यात प्राध्यापिकांना भेटा आणि होकार देण्याआधी विचारा: या नोंदी कोणत्या प्रश्नासाठी हव्या आहेत, त्या पुढे कोठे जाणार आहेत, अडले तर कोणाला विचारायचे, आणि तीन महिन्यांच्या शेवटी त्याच नोंदींवर एखादा छोटा प्रश्न मला स्वतंत्रपणे तपासता येईल का. पहिल्या प्रश्नावर त्या खुर्ची ओढून बसायला सांगतील आणि कपाटातून एखादा नमुना काढून दाखवू लागतील, तर वही सोबत असू द्या. ‘तुम्ही फक्त उतरवा’ एवढेच उत्तर आले, तर घरी येऊन मला पुन्हा लिहा. मग सहा ईमेलच्या मसुद्यांपासून सुरुवात करू.